वस्ती नकाशावर नाही, आणि म्हणे लोक अडाणी!

लसीकरण कमी झालं, क्षयाचे रुग्ण उशिरा सापडले, की अहवालात ठरलेलं वाक्य येतं: ‘लोकांमध्ये जागृतीचा अभाव.’ मित्रांनो, हे लिहिणाऱ्याला एकच विचारा. तुमची जागृती कुठपर्यंत आली होती? नकाशावर दाखवा.

त्याला दाखवता येत नाही. त्याच्या नकाशात गाव म्हणजे एक ठिपका, आणि तो बहुधा ग्रामपंचायतीच्या अंगणात पडतो. ओढ्यापलीकडची आपली वस्ती, तिच्याही पुढची भटक्यांची पालं, सगळे त्या ठिपक्यात ‘समाविष्ट’. 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, 1,000 मागे एक आशा हा ग्रामीण निकष डोकी मोजतो. मधला ओढा आणि मधली जात मोजत नाही. दवंडी चावडीवर, शिबिर मंदिराच्या सभामंडपात. 1923 च्या बोले ठरावानं सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले होते, तरी 1927 ला महाडला जावंच लागलं. ‘शिबिर सर्वांसाठी खुले’ हा फलकही त्याच जातीचा कागद आहे.

लंडनमध्ये 1854 ला कॉलरा पसरला तेव्हा दोष दुर्गंधीला दिला जात होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू घरोघर नकाशावर मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेले दिसले. आपल्यालाही बोट असंच वळवायचं आहे.

मोबाइलमध्ये जीपीएस आहे, ओपनस्ट्रीटमॅप फुकट आहे. पण घरं आणि दवाखाना एवढंच मांडू नका. बाया पाण्याला कुठे जमतात, रविवारी वंदनेला विहारात किती जण येतात, शेवटची एसटी किती वाजता, आशाताई कुठवर येतात आणि कुठून परत फिरतात, हेही मांडा. (त्यांना दोष नको, त्याही मोबदल्यावर राबणाऱ्या कुणाच्या तरी लेकीसुनाच.) निरोप कुठे द्यायचा हे यातूनच कळतं.

कुणाच्या घरात क्षय, कुणाला एचआयव्ही, हे मात्र नकाशावर कदापि नको. कोविडात दारांवर चिकटवलेले कागद आठवा. शहरातल्या अघोषित झोपडपट्टीत तर घरांची यादी अतिक्रमण विभागाच्या हाती लागली की बुलडोझरचं काम सोपं होतं. घरनिहाय माहिती वस्तीकडेच राहील. जाहीर करायचं ते एवढंच, की आरोग्य खातं कुठे पोचत नाही.

हा नकाशा ग्रामसभेत ठेवा, इतिवृत्तात नोंद करून घ्या. शहरात असाल तर पालिकेच्या आरोग्य विभागात द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.

जय भीम.