पोहरादेवी आणि रोमा : नाते रक्ताचे की कायद्याचे?

पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरली की एक जुने विधान पुन्हा फिरू लागते : युरोपातील रोमा, ज्यांना इंग्रज ‘जिप्सी’ म्हणत, ते मूळचे बंजाराच. पुरावा म्हणून आरशांचे घागरे, कवड्या आणि तांड्यांची चित्रे शेजारीशेजारी लावलेली असतात. विधान मोहक आहे. पण ते अर्धेच खरे आहे आणि उरलेला अर्धा भाग मला धोक्याचा वाटतो.

रोमानी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. तिच्यातील फारसी, आर्मेनियन व ग्रीक शब्दांचे थर पाहिले की सुमारे हजार वर्षांपूर्वी तिचे भाषक कोणत्या वाटेने पश्चिमेकडे गेले, ते नकाशासारखे दिसते. गोरबोली मात्र राजस्थानी-गुजरातीच्या निकटची. दोघींचे दूरचे पूर्वज एक, एवढेच म्हणता येते. (आरसे आणि कवड्या तर कच्छमध्येही आहेत.)

शिवाय बंजाऱ्यांचा स्वतःचा इतिहास या उसन्या नात्याहून मोठा आहे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्याने लादलेल्या १४ हजार बैलांचा तांडा भेटला. १८०३ मध्ये मराठ्यांशी लढणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसदही बऱ्याच अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर चालली. पुढे पक्क्या सडका आणि रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा बसला आणि लदेणी बुडाली. ज्यांच्या फिरण्यावर फौजा जगल्या, त्यांचे फिरणेच आता संशयास्पद ठरले. १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमात’ ही कोटी निर्माण केली : गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही, जन्म पुरेसा. पुढे अनेक प्रांतांत बंजारा-लमाणांचे गटही तिच्यात ओढले गेले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द त्याचीच खूण आहे.

रोमांशी खरे साम्य आहे ते येथे. १९१२ मध्ये फ्रान्सने भटक्यांना शरीराची मापे आणि बोटांचे ठसे असलेली ओळखपुस्तिका बाळगण्याची सक्ती केली. नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटरने रोमांच्या वंशावळी तपासल्या, डोकी मोजली. त्यांचे मूळ भारतीय, म्हणजे नाझींच्याच भाषेत ‘आर्य’, हे ठाऊक असूनही बहुतेकांना ‘मिश्र रक्ताचे’ ठरवण्यात आले आणि लाखो माणसे मारली गेली. वंशाचा दाखला त्यांच्या कामी आला नाही; तो मारेकऱ्यांच्याच हाती होता.

म्हणून आजच्या वादात मला अस्वस्थ वाटते. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. आता येथेही जमातीच्या दर्जाची मागणी आहे, आणि तिला आदिवासी संघटनांचा विरोधही आहे. त्या वादाचा निकाल मी येथे देत नाही. माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. १९६५ च्या लोकूर समितीचे निकष आजही वापरले जातात आणि त्यांतला पहिलाच आहे ‘आदिम लक्षणे’. ज्यांनी दख्खनचा धान्यव्यापार पेलला, त्यांनी न्याय मागताना स्वतःला आदिम ठरवायचे?

पोहरादेवीत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले. माझे चालले तर तेथील एका काचपेटीत १८७१ च्या कायद्याची प्रत आणि ती फ्रेंच ओळखपुस्तिका शेजारीशेजारी ठेवीन.