परसातील पाहुणे : तांबटाची मुदत

फाल्गुनात आमच्या सांगलीच्या घरामागील परसात सकाळी नऊ वाजता एक ठोका सुरू होतो. टुक्, टुक्, टुक्. तांब्याची भांडी घडविणाऱ्या कारागिराच्या हातोडीसारखा, एका लयीत. म्हणूनच हा पक्षी तांबट. चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून तो हा आवाज काढतो आणि मान इकडेतिकडे वळवीत राहतो. त्यामुळे तो नेमका कोठे बसला आहे, हे कळत नाही. चिमणीहून किंचित मोठा, अंगाने हिरवा, कपाळ व छाती लाल. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर अशा पाहुण्यांच्या आवक-जावकीची नोंद ठेवतो. बत्तीस वर्षांची सवय, दुसरे काय!

गतवर्षी ही नोंद घरात वादाचे कारण ठरली. धाकट्या बंधूंचा हळद व बेदाण्याचा व्यापार. चैत्रात नवी हळद साठवायची, तर गोदामाचे भाडे दरमहा नऊ हजार. परसात पत्र्याची शेड उभारावी, असे ठरले आणि त्याचा हिशेब मीच कागदावर मांडून दिला होता. खर्च चार वर्षांत वसूल. शेवग्याची एक वाळकी फांदी तेवढी आड येत होती. ती तोडायची होती.

मजूर यायच्या दोन दिवस आधी त्याच फांदीच्या खालच्या अंगाला मला एक गोल छिद्र दिसले. जुन्या चांदीच्या रुपयाहून थोडेसे मोठे. खाली लाकडाचा भुसा. थोड्या वेळाने आतून लाल कपाळ बाहेर डोकावले. तांबट मऊ पडलेल्या वाळक्या लाकडातच घर कोरतो; हिरवी फांदी त्याच्या उपयोगाची नाही. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्ले उडायला पुढे आणखी पाच. म्हणजे दोन महिने गेले.

“दादा, हिशेब तुम्हीच करून दिलात,” बंधू म्हणाले. त्यांचे चुकले नव्हते. मजुरांना विसार दिलेला, आणि अठरा हजारांचे भाडे काही लहान रक्कम नव्हे. मी निम्मे भाडे देऊ केले, तेव्हा ते अधिकच दुखावले. दोन दिवस घरात बोलणे जेवणापुरतेच होते.

आपल्या घरांतून पाखरांना दाणे टाकण्याची रीत जुनी आहे. मीही टाकतो. परंतु तांबट दाणा टिपत नाही; तो फळांवर जगतो, आणि वड, पिंपळ, उंबर यांची फळे त्याला विशेष प्रिय. आपल्याला वर्ज्य असलेल्या उंबरावरच त्याचा संसार चालतो. त्याला आपण देऊ शकतो ते एकच, वाळकी फांदी. तीच आपण सर्वांत आधी तोडतो, कारण ती अंगणात वाईट दिसते.

तिसऱ्या दिवशी बंधू स्वतः परसात आले. नर-मादी आळीपाळीने छिद्रात जात-येत होते. ते बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी मजुरांना फोन गेला : अक्षय्य तृतीयेनंतर या.

पिल्ले उडताना मात्र मला दिसली नाहीत. चैत्राच्या अखेरीस एका सकाळी छिद्र रिकामे होते, एवढेच. मी लग्नकार्यासाठी दोन दिवस बारामतीला गेलो होतो, नेमके तेव्हाच. लेजरमध्ये त्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह आहे.

शेड वैशाखात उभी राहिली, चार फूट सरकवून. फांदीही राहिली. परंतु आषाढाच्या वाऱ्यात ती आपोआप मोडून पडली. शेडच्या जागी असलेली कर्दळ गेली, तिच्यासोबत तिच्या पानांत घरटे शिवणारा शिंपीही गेला. तो यंदा शेजाऱ्यांच्या अंगणात ऐकू येतो. अठरा हजारांचा विषय बंधूंनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धोबी उत्तरेकडून नेहमीप्रमाणे आला. पूर्वी तो ओल्या मातीत फिरे. आता शेडपुढच्या सिमेंटवर शेपटी हलवीत किडे टिपतो, आणि हळदीची पोती उतरविणारे हमाल त्याला वळसा घालून जातात.