२१४७४८३६४७ चा काय दोष?

एकदाच काय ते स्पष्ट बोलतो. संख्या वेगळी आणि ती लिहायची पद्धत वेगळी. शाळेतल्या पोराला समजेल अशी गोष्ट, पण आपल्या आयटीवाल्यांच्या डोक्यात काही ती शिरत नाही ब्वॉ.

२१४७४८३६४७ घ्या. म्हणजे दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख आणि वर काही हजार. अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १. झालं! सूर्याचा अंक, एकदम शुभ. गाडीचा चॉईस नंबर घेताना अशी बेरीज करत बसणारे चांगले शिकलेसवरलेले इंजिनियर मी पाहिलेत. अहो, हीच संख्या बायनरीत लिहा की. सलग ३१ एक. बेरीज ३१, म्हणजे ४. आता आठच्या पायात लिहा. एक १ आणि पुढे दहा ७. बेरीज ७१, म्हणजे ८. घ्या, सूर्याचा राहू झाला आणि राहूचा शनी! संख्या तीच आहे, तिला यातलं काहीही माहीत नाही. आपल्याला दहा बोटं आहेत, एवढाच काय तो सूर्याचा संबंध.

मग तिचा स्वतःचा गुण कोणता? तर ती मूळ संख्या आहे, प्राइम. कुठल्याही पायात लिहा, भाग जाणार नाही. १७७२ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, ऑयलरनं हे सिद्ध केलं. २ चा ३१ वा घात वजा १. हिला मूळ भाजक असलाच तर २४८ नं भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यानं दाखवलं. वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास. त्यामुळे तपासायला उरतात सुमारे पावणेचारशे आकडे. कॉम्प्युटर नाही, काही नाही. याला म्हणतात संख्येची ओळख.

"बायनरीत सगळे एक, म्हणून प्राइम असणार" असंही कोणी म्हणेल. चूक! २ चा ६३ वा घात वजा १ हेसुद्धा बायनरीत सगळे एकच. पण ६३ ला ३ नं भाग जातो, म्हणून या धेंडाला चक्क ७ नं भाग जातो. लिहिलेलं रूप बघून भुलायचं नसतं.

आता हसणं थांबवा, कारण पुढचा नंबर आपला आहे. ३२ बिटांच्या साइन्ड इंटमध्ये मावणारी ही सर्वात मोठी संख्या. लोक तिला सरळ "इन्फिनिटी" म्हणून वापरतात. जावामध्ये त्या इन्फिनिटीत १ मिळवा, उत्तर येतं उणे २१४७४८३६४८. मग तुमच्या शॉर्टेस्ट पाथमध्ये सर्वात लांबचं गाव सर्वात जवळचं होतं. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये टाकलीत तर ती गुपचूप २१४७४८३६४८ होते. ऑयलरनं मूळ ठरवलेली संख्या तुमच्या एका कास्टनं सम झाली, आणि कंपायलर बहुतेक वेळा चूं करत नाही.

२०१४ मध्ये "गंगनम स्टाईल"चे व्ह्यूज या आकड्याजवळ आले, तेव्हा यूट्यूबनं काउंटर ६४ बिटांचा केला. पण ज्या जुन्या सिस्टिम्स अजून ३२ बिटांत सेकंद मोजतायत, त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर, थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. दोष संख्येचा नाही. तिच्या पुढे २१४७४८३६४८ सुखानं नांदतेय. खोकं आपण छोटं घेतलं.

तेव्हा अंकांच्या बेरजा पुरे झाल्या. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या सर्वात मोठ्या टेबलाचा आयडी कॉलम कुठल्या टाइपचा आहे आणि आकडा कुठवर आलाय, ते आधी बघा. मग खुशाल चहा प्या.