‘काहीच बदललं नाही’ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, या शनिवारी विषय जरा थंड आहे. थंड म्हणजे उणे 271 अंशांच्याही खाली. (अमरावतीच्या मे महिन्यात वाचत असाल तर तेवढाच गारवा!)

एमआरआय मशीनमधलं चुंबक अतिवाहक तारेचं असतं. शास्त्रज्ञ उलटाही खेळ करतात. त्याच चुंबकीय अनुनादाने, म्हणजे एनएमआरने, अतिवाहकाच्याच पोटात डोकावतात.

अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात. जोडीतल्या दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असतील, तर पदार्थ अतिवाहक होताच ‘नाइट शिफ्ट’ नावाचं माप घसरतं. स्पिन एकाच दिशेला असतील आणि चुंबकीय क्षेत्र योग्य दिशेत असेल, तर ते जागचं हलत नाही.

1994 साल गमतीचं. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन संयुगात अतिवाहकता सापडली, आणि त्याच वर्षी जपानमध्ये योशितेरू माएनो यांच्या गटाला ती स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये दिसली. आपली गोष्ट या दुसऱ्याची. 1998 मध्ये केन्जी इशिदा आणि सहकाऱ्यांनी त्याचं माप घेतलं. काहीच बदल नाही! म्हणजे स्पिन एकाच दिशेला. मग काय, वीसेक वर्षं त्यावर सिद्धांत रचले गेले, क्वांटम संगणकाची स्वप्नंही रंगली.

2019 मध्ये अमेरिकेत यूसीएलएच्या स्टुअर्ट ब्राऊन यांच्या गटाने रेडिओ लहरींचे ठोके अगदी हलके करून पाहिले, आणि माप चक्क घसरलं. जोरदार ठोक्याने नमुना क्षणभर तापायचा, अतिवाहकता मोडायची, आणि माप नेमकं तेव्हाच घेतलं जायचं. थर्मामीटर बिचारा गारच दाखवायचा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा आजार ओळखीचा. डीबगर लावला की बग गायब! पण इथे त्याहून वाईट प्रकार होता. नमुना अतिवाहक उरलाच नाही तरी उत्तर ‘बदल नाही’, आणि स्पिन एकाच दिशेला असले तरी तेच. जी टेस्ट न चालताही हिरवी दिसते, ती माझ्या मते टेस्टच नव्हे. ‘बदल नाही’ म्हणणाऱ्याने आधी दाखवावं, की बदल असता तर तो आपल्याला दिसला असता.

असो. या गोष्टीत मला सर्वांत आवडलेला माणूस मात्र इशिदा. आपलंच गाजलेलं माप त्यांच्या गटाने पुन्हा घेतलं आणि 2020 मध्ये छापलं: हो, घसरतं. जोडीचा नेमका प्रकार कोणता, यावर वाद अजून चालूच आहे.