तारांचा सातबारा

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरीसारख्या गावी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला गट क्रमांक असतो, त्याच्या चतुःसीमा नकाशावर आखलेल्या असतात आणि बांध वीतभर सरकल्याचा नुसता संशय आला तरी मोजणीसाठी अर्ज पडतो. मात्र ज्या कचेऱ्यांतून या साऱ्याचे दप्तर सांभाळले जाते, तेथे मेजाखालून गेलेली संगणकांच्या नेटवर्कची तार कोठून निघाली व कोठे पोहोचली याचा कागद मागावा, तर बहुधा मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील एका कचेरीत आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. आमच्यापैकीच एक कारागीर स्विचपुढे उकिडवा बसून एकेक तार उपसत होता आणि "गेलं का?" असे ओरडत होता, आतून कारकुनाचे "न्हाई, चालूच हाय" असे उत्तर येत होते. अकराव्या तारेला आतून उत्तराऐवजी किंकाळी आली, कारण अर्धा भरलेला अर्ज पडद्यावरून नाहीसा झाला होता.

यावरचा उपाय कवडीमोलाचा आहे. तार ओढण्यापूर्वीच तिच्या दोन्ही टोकांना, टोकापासून चार बोटे आत, एकच क्रमांक छापील पट्टीवर लावावा. औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी व बॉलपेन यांचा भरवसा धरू नये. 305 मीटरच्या पेटीतील तारेच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. आरंभीचा आणि अखेरचा आकडा टिपला की वजाबाकीने लांबी निघते, फीत घेऊन शिडी चढावी लागत नाही. क्रमांक, खोली, लांबी व तारीख एवढ्या चार रकान्यांचे नोंदपत्र रॅकच्या दाराला आतून चिकटवावे.

लांबीचा आग्रह आम्ही का धरतो, हे या भागातल्या उन्हाने वेगळे सांगायला नको. भिंतीतली पक्की जोडणी 90 मीटर आणि दोन्हीकडच्या पॅचकॉर्ड मिळून 10 मीटर ही मर्यादा 20 अंश तापमान गृहीत धरून ठरवलेली आहे. तार तापेल तसतसा संदेश क्षीण होत जातो, आणि 60 अंशांवर त्या 90 मीटरांचे जेमतेम 75 उरतात. वैशाखातल्या दुपारी पत्र्याला चिकटवून तार नेणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा. त्यापेक्षा ती भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीच्या वरून, पट्टीतून न्यावी हे बरे. विजेच्या तारांची पट्टी मात्र निराळी असावी, आणि दोहोंना एकमेकींना ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडावे.

तारांच्या जोड्यांना पीळ असतो तो शोभेसाठी नव्हे. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडून निष्प्रभ व्हावा ही त्यामागची युक्ती आहे, आणि ग्रॅहॅम बेलने 1881 मध्ये तिचे पेटंट घेतले होते. म्हणून क्रिंपिंग करताना तो पीळ 13 मिलिमीटरांपेक्षा अधिक उसवू नये. प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळण्याचा हव्यासही सोडावा. जुडग्याला वेल्क्रोची पट्टी पुरते. स्वस्त तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे, तांब्याखाली पांढरे ॲल्युमिनियम दिसले तर ती पेटी दुकानदाराला परत करावी, मग तो जुना ओळखीचा का असेना.

दरपत्रकात 'क्रमांक व नोंदपत्र' हे कलम निराळे लिहावे. मालक आधी तेच खोडू पाहतील. तेव्हा हवी तर मजुरीत सूट द्यावी, पण ते कलम राहू द्यावे.