चालायचे कुठे, डॉक्टर?

मधुमेहाच्या रुग्णाला रोज अर्धा तास चाला म्हटले, की तो हेच विचारतो. खरेच आहे, दर फाटकापाशी गाड्यांच्या उतारासाठी पदपथ तुटलेला असतो. इमारतीत किमान अमुक इतके पार्किंग हवेच, अशी आपली सक्ती. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर, शिवाय वळायची जागा वेगळी. हा खर्च गाडी नसलेल्याच्याही घराच्या किमतीत चढतो. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान अट काढून कमाल मर्यादा घातली. आपण निदान मेट्रो स्थानकांजवळ तरी तसे करावे. दिवसा कार्यालयाला, रात्री रहिवाशांना एकच जागा वापरता येईल. मात्र रस्त्यावरचे फुकट पार्किंग आधी थांबवा, नाहीतर त्याच गाड्या उरलेल्या पदपथावर चढतील.