वारशाचे भाडेकरू

पुण्याहून दक्षिणेकडे जाताना नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि समोर येते ते शिरवळ. आज या गावाची ओळख कारखान्यांमुळे आहे. नदीकाठचा सुभानमंगळ हा भुईकोट शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी 1648 साली फत्तेखानाच्या सैन्याकडून हिसकावून घेतला होता. आज मात्र वर्गातील मुलांना घेऊन तेथे गेलेल्या शिक्षकाला दाखवायचे काय, असा प्रश्न पडावा, इतके थोडे अवशेष उरले आहेत. हा कोट कोणा हॉटेलवाल्याने गिळला नाही की कोणी विटाळलाही नाही. त्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही. उरलेले काम पावसाने केले.

सप्टेंबर 2019 मध्ये राज्यातील पंचवीस किल्ले वारसा-हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा सरकारचा विचार असल्याचे वृत्त आले आणि महाराष्ट्र खवळून उठला. शिवकालाशी निगडित संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, अशी ग्वाही सरकारला द्यावी लागली. ते योग्यच झाले. परंतु वाद पावित्र्यापाशीच संपला. संरक्षित यादीत नसलेल्या शेकडो गढ्या-कोटांच्या डागडुजीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, हा रुक्ष प्रश्न विचारण्याची तसदी संतापलेल्यांनी घेतली नाही आणि सरकारनेही. 2025 साली बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांना आता वाली आहे. सुभानमंगळाला तो कोठून मिळावा?

पवित्र वास्तूचा व्यावहारिक उपयोग हा प्रश्न इतरांनीही हाताळला आहे. इंग्लंडमध्ये खेडोपाडीच्या चर्चमधील उपासक घटले, तेव्हा 1968 च्या कायद्याने ओस पडलेल्या चर्चचे पुढे काय करावे याची रीतसर पद्धत घालून दिली. काही वास्तूंची घरे वा सभागृहे झाली. निवडक वास्तू जपण्यासाठी 1969 मध्ये स्वतंत्र निधी उभा राहिला. आता त्यांपैकी काही चर्चमध्ये पाहुण्यांना रात्रीचा मुक्कामही करता येतो आणि ते भाडे वास्तूंच्या जतनाकडेच वळते. तेथे आधी नियम झाला, गिऱ्हाईक मागून आले. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो.

गोव्याच्या उत्तर टोकावरचे तेरेखोल या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. आत सेंट अँथनीचे चर्च उभे राहिले. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकविला. पुढे याच किल्ल्यात हॉटेल थाटले गेले, आणि त्याच्या सात खोल्यांना सात वारांची नावे मिळाली! छप्पर शाबूत राहिले, हा लाभ नाकारता येणार नाही. पण जेथे तिरंग्यासाठी माणसे शिरली, तेथे सामान्य माणसाने खोलीचे भाडे भरल्यावाचून पाऊल टाकावे की नाही, हे व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोपविता येत नाही. सासवडजवळची पिलाजीराव जाधवरावांची गढीही हॉटेल होऊनच तगली, आणि तेथे संग्रहालयही आहे. तरी शिरवळच्या कारकुनाचे कुटुंब तेथे किती वेळा जाऊ शकेल, हे त्याच्या पगाराला विचारावे.

भाडेपट्ट्याला सरसकट नकार देणे म्हणजे पडझडीला बिनभाड्याने जागा देणे होय. पट्टा द्यावा, पण वास्तूचा ठरावीक भाग सर्वांना विनामूल्य खुला राहील, मूळ भिंतीला खिळाही पुरातत्त्व विभागाच्या संमतीवाचून ठोकला जाणार नाही आणि भाड्याचा पैसा राज्याच्या तिजोरीत न मुरता त्याच तालुक्यातील उत्पन्नशून्य अवशेषांवर खर्च होईल, हे कायद्यातच लिहिलेले असावे. सुभानमंगळावर हॉटेल बांधायला आता भिंतच उरलेली नाही. त्याचे उरलेसुरले दगड राखायचे, तर पैसा दुसऱ्या कोणत्या तरी गढीच्या भाड्यातूनच यावा लागेल.